‘क्लीन’ शब्दाचा सराव

फळ्यावरचा ‘डर्टी’ हा शब्द हेडसरांनी स्वतःच्या हाताने पुसला.

“सर, तपासणी तोंडावर आली. चांगली विशेषणं घ्या ना. डर्टी, अग्ली... हे कशाला?”

“विरुद्ध शब्दाशिवाय विशेषण पोरांना कळत नाही, सर,” मी म्हणालो.

“साहेबांना कळलं म्हणजे झालं,” असं म्हणून ते हात झटकत निघून गेले. सहावीचा वर्ग खाली मान घालून बसला होता. फळ्यावर ‘क्लीन’ एकटाच उरला.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी देवपूरला राहायचो आणि साक्री रस्त्यावरच्या एका खेड्यातल्या हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवायचो. रोज एसटीने जाणं-येणं. नोकरी प्रोबेशनवर होती. म्हणजे सुरुवातीचा काळ नुसता परीक्षेचा. हेडसरांचा शेरा चांगला गेला तर संस्था कायम करणार, नाहीतर घरी बसवणार.

आमच्या धंद्यात सब्स्टिट्यूशन टेबल म्हणून एक साधन असतं. फळ्यावर तीन रकाने आखायचे. पहिल्यात ‘अवर स्कूल’, ‘माय हाऊस’, ‘द रोड’. दुसऱ्यात ‘इज’. तिसऱ्यात विशेषणं. प्रत्येक रकान्यातला एकेक तुकडा उचलला की वाक्य तयार. व्याकरणाची चूक होऊच शकत नाही. साधन उत्तम. फक्त एक आहे, वाक्य खरं आहे की खोटं, हे टेबलाला विचारता येत नाही.

तपासणीसाठी ‘पाठ बसवायची’ पद्धत होती, नाटक बसवतात तशी. कोणत्या बाकावरच्या पोराने कोणतं वाक्य म्हणायचं, हे आधी वाटून द्यायचं. शिक्षणखात्याचे साहेब आले की हात वर, वाक्य म्हणायचं, ‘गुड’, खाली बसायचं. सगळ्या शाळा हेच करत. मला ते सहन होत नव्हतं, पण तरी बसवत होतो.

मुलांना वाक्यं वाटताना लक्षात आलं, की खिडकीजवळचा बाक रिकामा आहे. संगीता आणि तिच्या दोन मैत्रिणी. हजेरीला तिघी ‘यस सर’ म्हणायच्या आणि मग नाहीशा व्हायच्या. मी बाहेर पाहिलं. तिघी खराट्याने पटांगण झाडत होत्या.

“अगं, तास चालू आहे.”

“आमनी पाळी शे, सर,” संगीता म्हणाली.

“काल कुणाची होती?”

“आमनीच.”

“आणि उद्या?”

ती खराटा तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली. उत्तर मला माहीत असायला हवं होतं, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. तिघी बौद्धवाड्यातल्या. पहिला तास रोज इंग्रजीचा. इंग्रजी पाचवीपासून सुरू होतं. म्हणजे इंग्रजीचं हे त्यांचं दुसरंच वर्ष. पाया इथेच कच्चा राहिला की दहावीला इंग्रजीत गटांगळ्या खायच्या आणि शाळा सुटायची. गावात असं किती जणींचं झालं होतं, ते कुणी विचारत नव्हतं.

मी ऑफिसात गेलो.

“शिपाई एकटा आहे,” हेडसर म्हणाले. “तो पोस्टात जाईल, का संस्थेत जाईल, का झाडत बसेल?”

“मग सगळ्या पोरांना पाळी लावा.”

“त्यांना सवय आहे हो. घरी झाडतातच.”

“घरी पाटलांची पोरगीही झाडते, सर.”

हेडसरांनी चष्मा काढला. “तुम्ही पत्रकं वाटत हिंडायचे ना कॉलेजात? दिसतंच ते. आधी कायम व्हा. मग क्रांती करा. मी काय, पुढच्या वर्षी रिटायर होतो.”

माणूस वाईट नव्हता. पोरांच्या फिया स्वतःच्या खिशातून भरायचा. म्हणूनच जास्त राग यायचा. दुष्ट माणसाशी भांडता येतं; सवयीशी भांडायचं कसं?

दुसऱ्या दिवसापासून मी तिघींना वर्गात बसवू लागलो. हेडसर दारात येऊन त्यांना उठवू लागले. मी काही बोललो की ते ‘नंतर बोलू’ म्हणायचे. ते नंतर कधी आलंच नाही. तपासणीच्या सकाळीही तेच.

“आज तर पटांगण चकचकीतच पाहिजे. चला पोरींनो.”

“बसा,” मी म्हणालो.

“चला,” हेडसर म्हणाले.

संगीताने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. मग उठली. दोघी तिच्यामागे गेल्या. कायम होणार होतो मी, आणि उठायला लागत होतं तिला.

साहेब आले. पाठ सुरू झाला. बसवलेली वाक्यं धाडधाड पडू लागली. माय हाऊस इज क्लीन. द रोड इज क्लीन. रस्ता तर शेणाने आणि कचऱ्याने भरलेला होता. साहेब मान डोलावत होते. तेवढ्यात तिघी दारात आल्या, पायांना धूळ, कपाळाला घाम.

“लेट का?” साहेबांनी विचारलं. उत्तराची वाट न पाहता त्यांनी संगीताकडे बोट केलं. “बरं. तू सांग, एक वाक्य कर.”

संगीताला वाक्य वाटून दिलेलं नव्हतं. तिने फळ्याकडे पाहिलं. पहिला रकाना, दुसरा, तिसरा. एकेक शब्द जुळवत म्हणाली, “अवर स्कूल... इज... क्लीन.”

“व्हेरी गुड. कशावरून?”

हा प्रश्न आमच्या नाटकात नव्हता.

“आम्ही तिन्हीजनी झाडतस, म्हनीसन.”

साहेब हसले. “तिघीच? बाकीचे?”

“त्याच झाडतस, सर, रोज,” पुढच्या बाकावरून उत्तर आलं. आणखी एकाने मदत म्हणून भर घातली, “त्या बौद्धवाडामधल्या शेतस ना, सर.”

वर्गात कुणी दचकलं नाही. आठवडाभर आम्ही त्यांना काय बोलायचं ते शिकवलं होतं; काय लपवायचं ते शिकवायचं राहून गेलं होतं. लपवण्यासारखं यात काही आहे, असं शाळेत कुणाला वाटलंच नव्हतं.

साहेबांचं हसू गेलं. ते ऑफिसात गेले. मला बोलावलं नसतानाही मी मागे गेलो.

“हे बंद करा,” ते हेडसरांना म्हणाले. “आजपासून.”

“शेऱ्यात लिहा, साहेब,” मी म्हणालो.

“तुम्ही कोण सांगणारे?”

“सहावीचा वर्गशिक्षक.”

“कायम आहात?”

“नाही.”

“मग बसा वर्गात जाऊन.” आणि त्यांनी चहा मागवला. शेरा गेला तो ‘शाळेची स्वच्छता समाधानकारक’ असा.

पण हेडसर घाबरले होते. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर त्यांनी सांगितलं, पहिल्या तासाला कुणी बाहेर राहणार नाही. झाडायचं शाळा सुटताना, वर्गवार, सगळ्यांनी. आठवडाभर कुणीच झाडलं नाही. निंबाचा पाला व्हरांड्यापर्यंत आला. त्या दिवसांत संगीताने न विचारता उभं राहून वाक्य केलं, “अवर स्कूल इज नॉट क्लीन.” ‘नॉट’ मी अजून शिकवलं नव्हतं. कुठून उचललं कोण जाणे. मी ‘गुड’ म्हणालो, आणि तिने ते पुन्हा एकदा म्हटलं, जरा मोठ्याने.

मग वरच्या आळीतले दोन पालक ऑफिसात आले.

“आमनी पोर शाळामा झाडू मारी का आते?”

मी बाहेर उभा होतो, समतेवरचं आख्खं भाषण तोंडात तयार ठेवून. हेडसर खुर्चीतून उठलेही नाहीत. “साहेबना हुकूम शे, भाऊ. मना हातमा काय नही.”

पालक पुटपुटत निघून गेले. त्या संध्याकाळी सहावीच्या सगळ्या पोरांनी झाडलं. वाईट झाडलं, पण झाडलं. हुकमाचा कागद कुणी मागितला नाही. मागितला असता तर नव्हताच.

संगीता वर्षभर पहिल्या तासाला बाकावर होती. वार्षिक परीक्षेत इंग्रजीत पास झाली, काठावर. माझं कायम होणं एक वर्ष लांबलं आणि संस्थेने मला पिंपळनेरच्या शाखेत पाठवलं. निरोपाला हेडसर म्हणाले, “काम चांगलं आहे तुमचं. ऑफिसात न बोलावता येऊ नका.”

पिंपळनेरला रुजू झालो त्या सकाळी हजेरी घेण्याआधी मी पटांगणाला एक फेरी मारली. कुणाच्या हातात खराटा आहे, ते पाहायला. नव्या शाळेत जाणाऱ्या शिक्षकाने पाठ्यपुस्तक नंतर उघडलं तरी चालतं.