आयडिया वाटत सुटलेली उज्ज्वला

उज्ज्वलाच्या नंबरवरून टाइप केलेला मेसेज आला, तेव्हाच माझ्या हातातली कात्री थांबली. उज्ज्वला कधीच टाइप करत नसे. "बोटं मागं राहतात गं, डोकं पुढं पळतं," असं म्हणायची आणि सगळं बोलून पाठवायची. तेही एका दमात, मागे कुकरची शिट्टी, शेजारणीची हाक, सगळ्यासकट. त्या सकाळी मात्र आमच्या ग्रुपवर एवढंच आलं, "उज्ज्वला पहाटे गेली. - भगवान." भगवानराव म्हणजे तिचे मिस्टर. ती ओळ वाचली आणि मी वेड्यासारखी तिचा आदल्या दिवशीचा आवाज लावून बसले. परभणीहून डायलिसिस करून गंगाखेडला परतताना गाडीतून पाठवलेला. "सुनीते, एक लय भारी सुचलंय! घरी जाऊन सांगते, इथं आवाज लय हाय..." आणि मग नुसतं हसणं. घरी गेल्यावर थकवा आला, ती झोपली, आणि ते सांगायचं राहून गेलं. लोक विचारतात, तुझी मैत्रीण कशी गेली? मी सांगते, आजारानं गेली खरी, पण जाताना भलत्याच हुरुपात होती.

आमची ओळख परभणीच्या कॉलेजातली. दोघी एका खोलीत राहायचो आणि कोपऱ्यावरच्या खानावळीत जेवायचो. खानावळीच्या मावशी शनिवारी कपाळाला हात लावून बसायच्या, कारण पोरी गावाला जायच्या आणि केलेला स्वयंपाक उरायचा. एके दिवशी उज्ज्वला ताटावरून तशीच उठली आणि खरकट्या हातानं मावशींपुढे जाऊन उभी राहिली. "मावशी, पोरी गावाला जायल्यात तर जाऊ द्या. तुमी शनिवारी प्रवासाचा डबा करा. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, बास." मावशींनी करून पाहिलं. पुढे त्यांचा शनिवार बाकीच्या दिवसांपेक्षा जोरात चालला. मावशींनी एकदा तिला कौतुकानं जवळ बोलावलं, तर हिला आपण काय सांगितलं होतं तेच आठवेना. ती तोवर खोलीमालकिणीच्या रिकाम्या गच्चीच्या मागे लागली होती. आयडिया सुचली की ती कुणाच्या तरी ओंजळीत टाकायची आणि मोकळं व्हायचं, हा तिचा तेव्हापासूनचा स्वभाव.

लग्नानंतर ती गंगाखेडला गेली, मी वालूरला आले. भगवानराव साखर कारखान्यात, ही एका खाजगी शाळेत शिकवायची. मी घरी ब्लाउज शिवायचे. मग तिच्या किडन्यांनी दगा दिला. शाळा सुटली, डायलिसिससाठी दर आठवड्याला परभणीची वारी सुरू झाली, आणि दुसरी एखादी असती तर भिंतीकडे तोंड करून पडली असती. हिनं मोबाइल हातात घेतला. मराठी शाळांना लागणारी प्रमाणपत्रं ती बनवायला लागली. स्नेहसंमेलनाची, क्रीडास्पर्धेची, निरोप समारंभाची. शिक्षकांनी फाइल विकत घ्यायची, नाव भरायचं, छापायचं. नेटवर एकदा ठेवलं की तिला पुन्हा हात लावायची गरज नाही. पहिली फाइल विकली गेली त्या दिवशी तिचा फोन आला. आवाज एवढा चढलेला की मला वाटलं काही तरी वाईट झालंय.

"सुनीते, ऐक! मी मशीनला लावलेली होते. हात हलवायची सोय न्हाई. आन् तिकडं कोकणातल्या कुठल्या शाळेनं माझं प्रमाणपत्र घेतलं! मी पडून होते गं नुसती!"

ती रडत होती का हसत होती, मला सांगता येणार नाही. पण त्या क्षणी तिला जे कळलं त्यानं तिचं उरलेलं आयुष्य भरून टाकलं. शरीर साथ देईना तेव्हासुद्धा माणूस कमावता राहू शकतो, हे तिला सगळ्या जगाला ओरडून सांगायचं होतं. लोक याला पॅसिव्ह इन्कम म्हणतात. तिनं आमच्या ग्रुपला नाव दिलं 'बांधावरचं झाड'. एकदा लावायचं, दोन-चार वर्षं पाणी घालायचं, मग ते आपलं आपण फळ देत राहतं. ग्रुपमध्ये आधी आली ती डायलिसिसच्या खाटांवरची माणसं, त्यांचे नातेवाईक, तिथली एक नर्स, गाडीचा ड्रायव्हर. मग सेलू, मानवत, पूर्णा इथली मंडळी. पुढे नागपूर, सोलापूर, आणि परदेशात राहणाऱ्या काही मराठी बायकासुद्धा. रोज सकाळी तिचा आवाज यायचा. आज काय सुचलं, ते कसं करायचं, कुठे ठेवायचं, कुणाला लागेल... सगळं उघड, सगळं फुकट.

माझ्या बाबतीत तर ती हात धुऊन मागे लागली होती. माझं मनगट दुखायचं, शिलाई अर्ध्यावर आली होती. ती म्हणाली, "तुझं कटोरी ब्लाउजचं पेपर कटिंग लय नेमकं असतंय. तेच वीक."

"कागद कोण विकत घेणार?"

"कागद न्हाई, फाइल. घरी छापायची, चिकटवायची, कापडावर ठेवून कापायचं. सगळी मापं कर एकदाच. आन् परदेशातल्या बायकांचा विचार कर जरा. तिथं शिंपी कुठं मिळायलाय त्यांना?"

मी महिनाभर कुरकुरत ती मापं आखली. ग्रुपमधल्याच सोलापूरच्या एका बाईंनी ती संगणकावर चढवून दिली, आणि मी विसरूनही गेले. एका दुपारी भाकरी थापत होते. फोन वाजला. पिठाच्या हातानं पाहिलं, तर कुणीतरी माझं कटिंग घेतलं होतं! तव्यावरची भाकरी करपली, सासूबाई आतून ओरडल्या, आणि मी मात्र ओसरीत उभी राहून उज्ज्वलाला फोनवर सांगत होते. ती पलीकडून भगवानरावांना ओरडून सांगत होती, "अहो, सुनीताचं झाड आलं!" जणू माझ्या घरी बाळ झालं होतं.

अशी किती झाडं तिनं लावली. पोखर्णीच्या रंगनाथकाकांचं सांगते. काका नृसिंहाच्या देवळात भजनाला पखवाज वाजवायचे. पडले, कमरेला मार लागला, जाणं-येणं बंद झालं. ही गाडी काढून त्यांच्याकडे गेली. त्यांच्या सुनेला फोन कसा धरायचा ते दाखवलं आणि काकांकडून नुसता भजनी ठेका वाजवून घेतला. आधी संथ, मग मधला, मग जलद. घरी एकटं गाणाऱ्याला साथीला कोणी नसतं, त्यानं हा ठेका लावायचा आणि गायचं. काका म्हणाले, "बाई, यात गाणं कुठाय?" ती म्हणाली, "गाणं ऐकणाऱ्याच्या घरात हाय, काका. तुमी फक्त ठेका द्या." आज तो ठेका कुठल्या कुठल्या गावात वाजतो आणि काकांना त्याची जाहिरातीची कमाई येते. पण काकांना कमाईपेक्षा, अनोळखी माणसं त्यांच्या ठेक्यावर गायलेले अभंग त्यांना पाठवतात, त्याचं अप्रूप जास्त. ते अभंग ऐकत ते कमरेचं दुखणं विसरतात.

ग्रुप वाढला तशी कुजबुज सुरू झाली. सेलूचा वैभव, स्वतः चांगला कमावता झालेला, एकदा ग्रुपवर म्हणाला, "ताई, हेच शिकवायचे लोक शहरात बक्कळ पैसे घेतात. आपण फी लावू. तुमच्या औषधांना होईल." त्याचा हेतू वाईट नव्हता. बऱ्याच जणांनी होकार दिला, मीसुद्धा. उज्ज्वलाचं उत्तर दुसऱ्या सकाळी आलं. फीबद्दल एक अक्षर नाही. तिनं सरळ स्वतःच्या प्रमाणपत्रांचं सगळं गुपित सांगायला सुरुवात केली. कोणत्या महिन्यात शाळा काय शोधतात, कुठला आकार छापायला सोपा, नाव काय द्यायचं... मी घाबरून तिला फोन लावला. "अगं, तुझं घर त्याच्यावर चाललंय!"

"म्हणून तर सांगायलेय. माझं चाललंय म्हणजे आणखी कुणाचं तरी चालंल."

आणि चाललं. मानवतच्या दीपाली नावाच्या एका मुलीनं प्रमाणपत्रं केली, आणि ती उज्ज्वलाच्या प्रमाणपत्रांपेक्षा सुंदर होती. वारली नक्षीची किनार, मोकळी जागा, देखणी अक्षरं. शाळा तिकडे वळल्या. उज्ज्वलाची विक्री उतरत गेली. मला तर इतका राग आला की मी पहिली एसटी पकडून गंगाखेड गाठलं. ती पलंगावर बसून फोनमध्ये डोळे घालून काही तरी बघत होती. मी म्हटलं, "बघ, झालं ना? वाईट वाटत नाही तुला?"

तिनं फोन मांडीवर पालथा ठेवला. मग म्हणाली, "वाटलं ना. लय वाटलं. दोन दिवस मी जेवले न्हाई नीट." तिचे डोळे भरले. मी तिला इतक्या वर्षांत तशी पाहिली नव्हती. "मग तिची एक फाइल इकत घेतली. नीट पाह्यली. सुनीते, झक्कास केलंय गं तिनं! पण एक चूक हाय." आणि तिथंच, माझ्यासमोर, तिनं दीपालीला फोन लावला.

पलीकडून आवाज आला तो घाबरलेला. "ताई, मी... तुम्हीच सांगितलं होतं म्हणून..."

"आगं हो, मीच सांगितलं होतं. ऐक. 'क्रीडा' मधला 'क्री' छापताना तुटायलाय, अक्षर बदल. आन् किनार गडद हाय. शाळेतल्या प्रिंटरला एवढी शाई परवडत न्हाई, मुख्याध्यापक एकदाच घेतील, पुन्हा न्हाई. हलकी कर."

मग दीपालीनं विचारलं, "ताई, माझ्यामुळं तुमचं कमी झालं असेल ना?"

"झालंय," उज्ज्वला म्हणाली. "म्हणून मी आता दुसरं करायलेय."

मला वाटलं, मुलीचं मन राखायला बोलते आहे. पण फोन ठेवल्याबरोबर ती माझ्याकडे वळली आणि तिचा चेहरा पुन्हा तसाच उजळला, खानावळीत ताटावरून उठली होती तसा. "पाढे!" ती म्हणाली. "आजकाल घरात पाढे म्हणून घ्यायला कुणाला वेळ हाय? आय कामावर, बाप कामावर. मी म्हणते, मुलं माझ्या मागं म्हणतील. मास्तरीण होते की मी!" तिनं म्हटलेले पाढे मग नेटवर गेले. बे एके बेपासून थेट तीसपर्यंत, चालीत, आणि प्रत्येक पाढा संपला की तिचं ते "शाब्बास! आता पुढचा." प्रमाणपत्रं जेवढी कधी चालली नव्हती, तेवढे ते पाढे चालले. दर शनिवारी दीपाली मानवतहून येऊन तिच्या पाढ्यांसाठी चित्रं करून द्यायची. दोघी भांडायच्या, हसायच्या, एकमेकींची कामं खोडायच्या. ज्या मुलीचा मी मनातल्या मनात उद्धार करत आले होते, तिनंच शेवटच्या वर्षात उज्ज्वलाचं सगळं काम सांभाळलं. वैभवनं फीचा विषय पुन्हा काढला नाही. उलट आजकाल तोच सकाळी सगळ्यात आधी काही तरी सांगून मोकळा होतो.

ती गेल्यावर काही दिवस मी फोन लांबच ठेवला. एका संध्याकाळी वालूरच्या गल्लीतून दळण घेऊन येत होते. एका घरातून उज्ज्वला बोलली... "सात चोक अठ्ठावीस." मी दळणाचा डबा खाली ठेवला. आत दोन मुली तिच्या मागून म्हणत होत्या. पाढा संपला, ती "शाब्बास!" म्हणाली, आणि त्या दोघी खिदळल्या. त्यांच्या आईला मी विचारलं, या बाई कोण, माहीत आहे का? ती म्हणाली, "न्हाई बा. पण लय मायेनं शिकवतेत." मी तिला सांगितलं नाही. डबा उचलला आणि पुढचा पाढा ऐकत घराकडे निघाले.

मागच्या आठवड्यात गंगाखेडला गेले. अंगणातूनच नेहमीसारखी हाक मारणार, तोच भगवानराव ओठांवर बोट ठेवून जिन्यावरून खाली आले. "हळू... वर रेकॉर्डिंग चालू हाय."

क्षणभर मला वाटलं, वर उज्ज्वलाच बसली आहे. त्यांनाही ते कळलं असावं, कारण ते घाईनं म्हणाले, "पूर्णेच्या एक बाई आल्यात. अंगाया म्हणायल्यात. हिनं त्यांना कबूल केलं होतं, कवा बी या म्हणून."

आम्ही पाय न वाजवता वर गेलो. माळवदाजवळची, म्हणजे गच्चीला लागूनची, ती लहानशी खोली, जिथं उज्ज्वला पाढे म्हणायची. चारी भिंतींना उज्ज्वलानं आपल्या हातानं गोधड्या टांगलेल्या, आवाज घुमू नये म्हणून. तिच्या जुन्या साड्यांच्या, काहींतले काठ मी ओळखले. एक तर आमच्या कॉलेजच्या निरोप समारंभाची जांभळी साडी. भगवानराव कुजबुजले, थंडीत लागतील म्हणून गोधड्या काढायला ते एकदा स्टुलावर चढले होते, तेवढ्यात बाहेर या बाई पहिल्यांदा येऊन उभ्या राहिल्या. मग ते तसेच खाली उतरले. आता कुणी आलं की ते पंखा बंद करतात, फ्रिज बंद करतात, शेजारी जाऊन मोटार थोडा वेळ थांबवायला सांगून येतात, आणि दारात असे उभे राहतात. आयुष्यभर कारखान्याच्या घरघरीत काम केलेला माणूस. खोलीत उकडत होतं, त्यांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. आतल्या बाई मध्येच अडखळल्या, ओशाळून दाराकडे बघायला लागल्या.

"काय हरकत न्हाई," भगवानराव अगदी हळू म्हणाले. "परत पहिल्यापासून म्हणा. आमी हाव इथंच."