दादाचे गुरुवार

मी एका बाईच्या भाजलेल्या हाताला पट्टी बांधत होते, तेव्हा टांगेवाला दारात येऊन उभा राहिला. "बाई, डाक्टरसाहेबांले घेऊन आलो," एवढंच म्हणाला आणि त्यानं मान खाली घातली. सक्करदऱ्याचा रोगी पाहून दादा सायकलवर परत येत होता, वाटेतच छातीत कळ आली आणि खेळ संपला. मी हातातली पट्टी पुरी बांधली, गाठ मारली, मगच बाहेर गेले. असं का केलं, ते मला अजून कळत नाही... त्याला आता कित्येक आठवडे झाले. लोक येतात, होईल हळूहळू कमी म्हणतात. दवाखान्यात आयुष्य गेलेल्या बाईला हे सांगू नये. काय कमी होतं आणि काय होत नाही, ते आम्हाला कळतं.

दादा माझा थोरला भाऊ. इतवारीतला आमचा दवाखाना दोन डॉक्टरांचा, दादाचा आणि त्याच्याहून वयानं नि नावानं मोठ्या भागीदाराचा. त्यांना सगळे मोठे डॉक्टरच म्हणत. मी बायकांच्या बाजूचं बघायची. त्या काळी औषधाची बाटली रोग्यानं घरून आणायची. धुतलेल्या बाटल्या खिडकीच्या कट्ट्यावर ओळीनं ठेवल्या जात, आणि कंपाउंडर त्यात मिक्श्चर भरून डोसांच्या खुणा कातरलेली कागदाची पट्टी वर चिकटवत असे. एका सकाळी शरबताच्या दोन सारख्या बाटल्यांची अदलाबदल झाली. कुणाच्या तरी गुडघ्याला चोळायचं जहाल औषध तापाचं म्हणून कोष्ट्यांच्या वस्तीत गेलं, रखमाबाई नावाच्या विणकरणीच्या लेकीसाठी. पोर नको नको करत होती. औषध म्हटलं की कडू असायचंच, आईनं नाक दाबून पाजलं. संध्याकाळी पोर गेली. दादा त्या दिवशी सावनेरला होता, एका अडलेल्या बाळंतिणीकडे.

मोठे डॉक्टर 'ताप मेंदूत गेला' म्हणून मोकळे झाले. दादानं दुसऱ्या दिवशी येऊन वस्तीतून परत आलेल्या बाटलीचा वास घेतला आणि तडक रखमाबाईचं घर गाठलं. मी बरोबर होते. माग बंद होता, ताणा तसाच अर्धा. दादानं तिला सरळ सांगितलं, औषध आमच्याकडे बदललं. ती रडली नाही. "कोनाच्या हातानं?" तिनं विचारलं. दादा म्हणाला, "दवाखान्याच्या. नाव घ्यायचं असेल तर माझं घ्या." तो चौकीवरही जाऊन आला, पण तिथे मोठ्या डॉक्टरांचा शब्द चालला आणि प्रकरण दबलं.

मग दादानं दवाखानाच मुळापासून हलवला. चोळायच्या औषधासाठी आमच्याच खरबरीत बाटल्या आल्या, अंधारातही हाताला कळतील अशा. एका रोग्याची बाटली हातात गेल्याशिवाय दुसऱ्याची भरायची नाही असं ठरलं. आणि गुरुवारी दुपारी गाऱ्हाणी ऐकायची. गाऱ्हाणं सांगणारा डॉक्टरच्या खुर्चीवर बसणार, डॉक्टर समोर उभा राहणार, आणि उत्तर पुढच्या गुरुवारच्या आत देणार. "दवाखाना आहे का कचेरी?" मोठे डॉक्टर कडाडले. त्यांच्या मागल्या दारानं शेठलोक आधी आत जात, तेही याच गुरुवारांनी बंद पाडलं. एक म्हातारी तर औषध कडू असल्याचं गाऱ्हाणं घेऊन नेमानं यायची. खुर्चीत मांडी घालून ऐटीत बसायची, आणि दादाही हात बांधून गंभीरपणे ऐकून घ्यायचा! पुढे आमच्या शहराचं राजधानीपण गेलं, सचिवालयातले बाबूलोक शहर सोडून गेले, रोगी घटले. मोठ्या डॉक्टरांनी त्याचंही खापर गुरुवारावर फोडलं.

पण खरा गुरुवार रखमाबाईचा. ती यायची, बसायची, आणि शांतपणे म्हणायची, "तुमी माह्या पोरीले मारलं." दादा म्हणायचा, "हो." बस, एवढंच. ती उठून जायची. गुरुवारमागून गुरुवार. दादा त्या रात्री जेवत नसे. मला तिचा राग यायचा, संताप यायचा. एकदा मी त्याच्यावर ओरडलेच, "तू सावनेरला होता, काहून सांगत नाही तिला? दुसऱ्याचं पाप काहून घेऊन राहिला?"

"कुसे," तो म्हणाला, "मी नाही म्हटलं, तर ती बाटली कोणाच्या हातात उरते? तिच्याच ना? पाजलं तिनंच..."



दादा गेल्यावर मोठ्या डॉक्टरांनी गुरुवार बंद झाल्याचं जाहीर करून टाकलं. तरी त्या गुरुवारी दुपारी मी दार उघडलं. रखमाबाई आली. खुर्चीवर बसली आणि समोरच्या मोकळ्या जागेकडे बघत राहिली.

"आता मी कोनाले बोलू वं बाई?"

इतकी वर्षं जिभेवर धरून ठेवलेलं माझ्या तोंडून सुटलं. "तो त्या दिवशी इथं नव्हताच, रखमाबाई. सावनेरला होता."

"मालूम आहे मले," ती म्हणाली. "लई आधीपासून मालूम आहे. पन दुसरं कोनी उभंच नाही राहिलं ना."

मी उठले आणि दादा राहायचा तिथं जाऊन उभी राहिले. म्हटलं, "मला बोला." तिनं माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"म्या पाजलं वं बाई," ती म्हणाली. "ते नोको म्हने... म्या नाक दाबून पाजलं."

हे तिच्या तोंडी येऊ नये म्हणून दादा आयुष्यभर 'हो' म्हणत आला होता. मला 'हो' म्हणता येईना, 'नाही' म्हणता येईना. ती अजून दर गुरुवारी येते, हेच म्हणते. मी समोर उभी असते, आणि मला दादासारखं उभं राहता येत नाही.