विहीणबाईंचं अक्षर

इथे अमेरिकेत, आमच्या मॉरिसव्हिलच्या सुलभाकाकूंना कुणाचं नाव कळलं की आधी त्याचा अर्थ हवा असतो. औषधाच्या दुकानातल्या मुलीलाही विचारतात. "दिवसभर हाक मारायची, तर आपण काय म्हणतोय ते कळायला नको?"

त्यांच्या मुलाची, ईशानची बायको व्हिव्हियन इथलीच, पण तिची आई मूळची चीनमधल्या ग्वांगझोची. नात झाल्यावर ती लेकीकडे राहायला आली. सगळे तिला पोपो म्हणतात, म्हणजे आईची आई. दोघी आज्यांचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे गप्पा झकास चालतात.

पोपोचं नाव वाय-लिंग. काकूंनी अर्थ विचारलाच. व्हिव्हियनने 'वाय'चं अक्षर काढून दाखवलं. "याचा अर्थ कृपा. आई तिच्या ग्वांगझोच्या बोलीत वाय म्हणते, चीनच्या प्रमाणभाषेत, मँडरिनमध्ये ह्वे, आणि जपानी बायकांच्या नावात हेच अक्षर मेगुमी असं वाचतात."

"देवीसारखंच की गं! कुणी अंबाबाई म्हणतं, कुणी भवानी," काकू हरखल्या. आणि मनाशी ठरवून टाकलं, नातीला हेच अक्षर द्यायचं. आजीचं नाव नातीला, याहून मोठा मान कोणता?

बारशाच्या आदल्या दिवशी जेवताना त्यांना राहवलं नाही. "विहीणबाई, बेबी नेम, युवर नेम! वाय!"

पोपोने घास खाली ठेवला. व्हिव्हियनला काहीतरी पुटपुटली आणि ताटावरून उठून खोलीत गेली.

"आई, यार, आधी विचारायचं तरी!" ईशान म्हणाला.

"अरे, पण झालं काय?"

व्हिव्हियनने समजावलं. त्यांच्यात घरातल्या मोठ्यांच्या नावातलं अक्षर पोरांना देत नाहीत. पोरीवर ओरडलं तर आजीवर ओरडल्यासारखं. "ती म्हणते, उद्या ती खोलीतच थांबेल."

काकूंनी ताट बाजूला सारलं. पोपोशिवाय बारसं? पोरीची सख्खी आजी दाराआड, आणि आपण पाळणा म्हणायचा? त्यांनी चहा केला, व्हिव्हियनला बरोबर घेतलं आणि पोपोच्या दारावर टकटक केलं.

"हिला सांग, माझ्या मोठ्या भावाला आजोबांचं नाव ठेवलं, पुरुषोत्तम. पण माझ्या आईने जन्मात ते नाव घेतलं नाही. सासऱ्याचं नाव सुनेने कसं घ्यायचं? 'बाबू, अभ्यासाला बस' म्हणायची. शाळेत मास्तरांनी पुरुषोत्तम म्हणून हाक मारली, तर तो दुसरं कुणी उभं राहतंय का बघत बसला!"

व्हिव्हियनने भाषांतर केलं. पोपो खुदकन हसली. "सेम! सेम!" म्हणत तिने काकूंचा हात धरला.

"चुकलं माझं. आता अक्षर तुम्हीच सांगा."

पोपोने बराच विचार केला. मग काकूंच्या तळहातावर बोटाने अक्षर काढलं, एका बाजूला सूर्य, शेजारी चंद्र. मिंग, म्हणजे उजेड. पोपोच्या तोंडी मिंगचा सूर खाली उतरतो, व्हिव्हियनच्या मँडरिनमध्ये वर चढतो. जपानमध्ये म्हणे यालाच अकिरा म्हणतात. काकूंनी दोन्ही सूर म्हणून पाहिले. दोन्ही चुकले.

"मग मराठीत आभा ठेवू. तोच अर्थ," काकू म्हणाल्या. "नैनाला फोन करते. जर्सी सिटीहून निघाली असेल, आत्याला नाव माहीत नको?"

दुसऱ्या दिवशी परातीत तांदूळ पसरले. सोन्याच्या अंगठीने नैनाने 'आभा' लिहिलं आणि त्याखाली पोपोने मिंग काढलं. एक रेघ वाकडी आली, म्हणून तांदूळ सारखे करून पुन्हा काढलं. काकूंनी देवाला हात जोडले. नैना पाळण्यावर वाकली, कुर्रर्र केलं, आणि आम्ही बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले.

पोपो दचकली. "व्हाय हिट?"

"गुड लक!" काकू म्हणाल्या.

मग पोपोनेही एक सणसणीत धपाटा घातला. नैना ओरडली, "आई गं, या आजींचा हात बघा!" तोवर पोपो स्वतःच पाळण्यावर वाकली होती. पोरीच्या कानात ती हळूच काहीतरी म्हणाली, आणि सुलभाकाकूंनी बाही सावरून विहिणीच्या पाठीकडे हात उगारला.