ध्यानाची वीस मिनिटं

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, लेकीला नाही, सुनेला तर नाहीच. ज्या देवासमोर बसून केलं त्यालाही सरळ शब्दांत सांगितलं नाही — अर्थात त्याला सगळं दिसतच होतं. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही माळेगावचे नाही. उद्या सकाळी कालव्यावर तुमची माझी गाठ पडायची नाही.

पण लगेच कसं सांगू? आधी माझी कीर्ती ऐका. पहाटे पाचला उठते. गरम पाणी पिते. कालव्याच्या कडेनं तासभर चालते आणि घरी आले की देवघराचं दार लावून वीस मिनिटं ध्यान करते. बिनसाखरेचा चहा, गोडधोड बंद, सात वर्षं झाली. बचत गटाच्या बायका नव्या सुनांना माझं उदाहरण देतात. मागं इंदापूरला हळदीकुंकवाला बोलावलं होतं, तिथं मी निरोगी सवयींवर चांगला अर्धा तास बोलले. मन ताब्यात आलं की जीभ आपोआप ताब्यात येते, असं म्हणाले. एकीनं ते वाक्य स्टेटसला ठेवलं. माझ्या फोटोसकट!

आता शमीमभाभींबद्दल सांगायला हवं, म्हणजे खरं तर त्यांच्याबद्दलच सांगायचं आहे. आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. रफिकभाईंचं बांगड्यांचं दुकान आहे. पंचवीस वर्षांचा शेजार, एकमेकींच्या बाळंतपणाला धावलेल्या आम्ही. सात वर्षांपूर्वी मला चक्कर यायला लागली तेव्हा बारामतीच्या डॉक्टरांकडे त्याच माझ्यासोबत आल्या. आलेच आहे तर माझंही रक्त घ्या, म्हणाल्या. त्यांचा रिपोर्ट लख्ख. माझी साखर बॉर्डरवर. गोड बंद करा, चाला, ताण घेऊ नका — डॉक्टर तीन वाक्यांत मोकळे झाले.

परतताना एसटीत मी रडले. तुम्हाला हसू येईल, पण ज्या घरात साखर कारखान्याच्या सभासदाची साखर पोत्यानं येते, दिवाळीला तर पोतं ठेवायला जागा करावी लागते, त्या घरातल्या बाईला गोड खाऊ नको म्हणणं काय असतं? मला एकटीला नाही जमायचं, असं मी म्हणत राहिले. भाभींनी माझा हात धरला.

“वहिनी, रडू नगा. आजपासनं मी बी सोडली. दोघी मिळून न्हाय खायाची.”

ही कोण बाई बोलतेय? जी चहात तीन चमचे घालून वर तळाशी राहिलेली साखर बोटानं चाटायची! तिला काही झालेलं नव्हतं. नुसती सोबत म्हणून.

मी नऊ दिवस पाळलं. खरंच पाळलं, एवढं तरी माना — नाही, नका मानू.

दहाव्या दिवशी ध्यानाला बसले आणि डोळे मिटल्यावर मला नैवेद्याचा डबा दिसायला लागला. डोळे उघडले तरी तोच, हाताच्या अंतरावर. आत खडीसाखर. एक खडा घेतला. प्रसादाला नाही म्हणू नये, असं लहानपणापासून ऐकलेलं. दुसऱ्या दिवशी दोन घेतले. चावला तर कडकड आवाज बाहेर जातो हे कळल्यावर चघळायला शिकले. तोंड मिटून, पाठ ताठ, श्वास सावकाश. बाहेरून सून पोरांना दटावत असायची, आजी ध्यानात आहे, गप्प बसा. पुढं खड्यांनी भागेना, म्हणून पोत्यातली साखर डब्यात येऊ लागली. कधी तुपासोबत. दिवाळीत बेसनाचा लाडू.

मग मुंग्या आल्या. त्या येणारच होत्या. एकदा सुनेनं दार उघडलं तेव्हा माझ्या पदरावरून रांग चाललेली, आणि मी तोंडात ऐवज असल्यामुळं हलले नाही, बोलले नाही. दुपारपर्यंत आळीभर झालं, की सासूबाई इतक्या स्थिर बसतात की मुंग्यांनाही कळत नाही. त्या आठवड्यात दोघी-तिघी पाया पडून गेल्या. मी आशीर्वाद दिले.

साखर मात्र कमी होईना. डॉक्टर बुचकळ्यात. खाणं बंद, चालणं रोजचं, मग हा ताणच असणार, म्हणाले. ध्यान दहा मिनिटं करता ना? वीस करा. — मी केलं.

हसताय ना? मीही पुष्कळ वर्षं एकटीच हसत होते. आता पुढचं ऐका.

पहिल्याच रमजानात भाभी दारात आल्या, चेहरा पडलेला. रोजा खजुरानं सोडतात, आणि खजूर गोड, तर आपला शब्द मोडतो का, असं विचारायला आल्या होत्या. मला. मी नुकतीच देवघरातून उठले होते, दाढेखाली अजून एक खडा होता. मी जरा विचार केल्यासारखं केलं आणि एका खजुराला परवानगी दिली. त्यांनी माझे आभार मानले.

ईदला त्या पातेलंभर शीरखुर्मा करतात. गोड बरोबर झालंय का हे रफिकभाईंना चाखायला लावतात, स्वतः जिभेला लावत नाहीत. आमच्याकडं डबा येतो तो माझ्या नवऱ्यासाठी. त्यातला अर्धा कुठं जातो ते तुम्हाला कळलंच असेल. त्यांच्या मुलीच्या लग्नात विहीणबाई जर्द्याचा, त्यांच्या त्या केशरी गोड भाताचा, घास घेऊन तोंडाशी आल्या, आग्रहावर आग्रह, तर भाभींनी गर्दीत माझ्याकडं पाहिलं आणि मान हलवली. पोटच्या पोरीचं लग्न हो. आणि मी लांबून हात वर करून त्यांना शाबासकी दिली. लाज वाटते. त्या दिवशी नाही वाटली, आज वाटते.

परवा भाभींसोबत कालव्यावर चालायला मी ठरवून गेले होते, सांगायचंच. निम्मं अंतर गेलं तरी तोंड उघडेना, तेव्हा आडून सुरुवात केली. भाभी, आता ईद जवळ आली, यंदा तुम्ही शीरखुर्मा घ्या थोडा, तुम्हाला कुठं काय झालंय? त्या हसल्या. चालता चालता म्हणाल्या,

“राहू द्या वहिनी. तुमी येवढं पाळताय आन मी खाऊ व्हय? आता तर तो लागायचा कसा, त्ये बी आठवत न्हाय.”

हीच वेळ होती. कालव्यावर दुसरं कुणी नव्हतं. त्या माझ्याकडं बघत थांबल्याही होत्या.

मी म्हणाले, “मला बी न्हाय आठवत.”

मग आम्ही दोघी घरी आलो, आणि मी देवघरात जाऊन दार लावलं.