हातमोज्यांची खोकी

दक्षिण कोरियातल्या देगूच्या त्या इस्पितळात गुमसुन पेशंटच्या खाटेशेजारच्या बुटक्या बाकावर झोपायची आणि तिथेच किमचीचा डबा उघडून जेवायची. चीनमधल्या यानब्यानहून आलेली ही बाई पगारावर आजाऱ्यांचं करायची. पुसणं, भरवणं, कूस बदलणं. एजन्सीने तिला गणवेश दिला, नातेवाइकांपुढे किती वाकायचं ते शिकवलं. बाकीचं बायकांना जन्मतःच येतं, असा त्या दीडशहाण्यांचा समज.

सध्या तिच्याकडे मा आडनावाचे एक गुरुजी होते. अतिदक्षता विभागातून कसेबसे जगून आलेले, गळ्यात अजून नळी. चुसॉकच्या सणाला त्यांना घरी न्यायचं, असा मुलाचा, दोंगह्योनचा, ध्यास होता. त्याने पातळ रबरी हातमोज्यांची खोकीच्या खोकी आणून टाकली.

"मावशी, हात आखडता घेऊ नका हं."

"रोज नवे कशाला? तुझा पैसा काय झाडाला लागतो?"

एकच जोडी ती साबणाने धुऊन खाटेच्या दांडीवर वाळत घालायची. नर्सा तिथूनच ये-जा करत. एकीनेही हटकलं नाही.

शेजारच्या खाटेवरच्या आजाऱ्याचं करणारी बोकसिल हाक मारायची, "ये गं, हात लाव. तुझे गुरुजी म्हणजे कापूस, माझा हा धोंडा!"

"धोंडा आहे म्हणून तुझी बडबड सोसतो!"

दोघी मिळून आधी धोंड्याची कूस बदलत, मग गुरुजींची. गुमसुनच्या हातात मोजे तेच. पेशंटला आपण कधी उघडा हात लावत नाही, याचा तिला केवढा अभिमान!

धोंड्याच्या खाटेवर संसर्गाची पिवळी पाटी लागली, तोवर गुरुजी तापाने फणफणले होते. कुठल्याच औषधाला न जुमानणारे जंतू दोघांच्या छातीत सापडले.

"मोजे धुऊन वापरायचे नसतात, मावशी. पेशंट बदलला की मोजे फेकायचे, हात धुवायचे," नर्स म्हणाली.

"हे आधी सांगायला तोंड शिवलं होतं का?"

"ते एजन्सीने सांगायचं."

"एजन्सी म्हणते, इस्पितळ शिकवतं!"

नर्सने गुरुजींच्याही खाटेवर पाटी अडकवली आणि ती निघून गेली.

सणाआधीच गुरुजी गेले. इस्पितळाच्या तळघरातल्या शोकगृहात दोंगह्योन सगळ्या पाहुण्यांदेखत तिच्यापुढे वाकला.

"या मावशींनी बाबांना कधी उघडा हात लावला नाही."

खरं काय ते गुमसुनच्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात त्याने एक पिशवी तिच्या हातात ठेवली.

"उरलेत. तुमच्या पुढच्या पेशंटला होतील."

आत ती खोकी होती. एक सोडलं, तर एकही फोडलेलं नव्हतं.