दाराकडे वळलेला पाय

तीस वर्षं झाली, अमरावतीत चपला-बुटांच्या दुकानात मी बुटक्या स्टुलावर बसतो आहे. जग माणसांची तोंडं बघतं, मी पाय बघतो. गिऱ्हाईक काय ठरवणार हे त्याच्या आधी मला कळतं. उठून सरळ आरशासमोर गेला, की त्याचं ठरलंय. तो फक्त स्वतःचं कौतुक करायला गेलाय. एकाच पायात बूट घालून उभा राहिला, की आता बायकोला फोन लागणार. आणि ज्याची टाच टेकत नाही, पंजा दाराकडे वळलाय, त्याच्यापुढे दहा डबे उघडा, तो "येतो चक्कर मारून" म्हणणार आणि जन्मात परत दिसणार नाही.

घरात मात्र ह्या विद्येला कुणी विचारत नाही. मुलगा बघायला अकोल्याला निघालो तेव्हा लेक गाडीतच म्हणाली, "बाबा, आज पायाकडे पाहू नोका. मले तो पसंत हाय. तुमी फक्त हो म्हणा."

मी गळ्याला हात लावून शपथ घेतली.

मुलगा अकोटचा, कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरीला. घरी पोह्यांचा तमाशा नको म्हणून दोघांनी अकोल्यातलं एक हॉटेल ठरवलं होतं. तिकडून तो आणि त्याची आई, इकडून आम्ही तिघं. डोसे आले आणि माझा चमचा खाली पडला. म्हणजे, मी पाडला.

टेबलाखाली त्याचा उजवा पाय शहाण्यासारखा बसलेला. डावा मात्र! टाच अधांतरी, पंजा थेट दाराकडे, आणि शिलाई मशीन चालल्यासारखा थरथरतोय. पाच मिनिटांनी दुसरा चमचा पाडला. पाय तसाच. तिसऱ्या चमच्याला बायकोने मांडीला चिमटा काढला.

आता माझीच टाच टेकेना. टेबलाच्या वर हा मुलगा हसतोय, लेकीला चटणी वाढतोय. टेबलाखाली अकोटच्या अर्ध्या रस्त्यात पोचलाय. माझ्या धंद्यात तोंड खोटं, पाय खरा. उद्या ह्याचा नकार येणार, लेक उशीत तोंड खुपसणार. त्यापेक्षा आपणच आधी हात झटकावेत. डोसा अर्धा ठेवून मी उठलो, हात जोडले.

"बरं मग. कळवतो आम्ही."

लग्नाच्या बोलण्यात 'कळवतो' म्हणजे नाही, हे सगळ्या वऱ्हाडाला ठाऊक. लेकीने पाण्याचा ग्लास हळूच खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलंच नाही.

"काहून?" मुलाची आई म्हणाली. "आमचं काई चुकलं का?"

मुलगा उभा राहिला, त्याने एक पाऊल टाकलं आणि लंगडला.

"थांबा!" मी असा ओरडलो, की वेटरही जागीच थांबला. "बसा खाली. डावा पाय द्या इकडे."

मी जमिनीवर गुडघा टेकला. बूट कोरा, डब्याचा वास अजून गेला नव्हता. ओढून काढला, आत बोटं घातली, तर टोकात कागदाचा घट्ट बोळा! बुटाचा आकार बिघडू नये म्हणून कोंबलेला. असे हजारो बोळे मी ह्या हातांनी काढून फेकलेत. दुकानात ह्याने उजवाच घालून पाहिला असणार.

"मले वाटलं, नवा हाय, चावतेच," तो कानापर्यंत लाल होऊन म्हणाला.

"कधीपासून?"

"अकोटपासून. एसटीत उभाच होतो."

त्याची आई वाकून बघत होती. एकदम खुदकन हसली. "अवो इवाईबुवा, नवरदेवाचे पाय लग्नात धुवाचे असते. तुमी तं आताच बसले!"

इवाई म्हणजे व्याही. बाईने माझ्या आधीच ठरवून टाकलं. माझ्या एका हातात त्याचा पाय, दुसऱ्यात बोळा, आणि तो 'कळवतो' परत कसा गिळावा ते सुचेना.

वरून लेकीचा आवाज आला, "बाबा, खाली हायच, तं आता हो म्हणून टाका."

मी गुडघ्यावरूनच हो म्हटलं.