माहीमच्या पाहुण्यांसमोर लोटांगण

मी आयुष्यात एकदाच कोणाच्या पायांवर लोटांगण घातलं, आणि तेही बेशुद्धीत.

मी साताऱ्याकडचा, बोईसरला कारखान्यात फिटर. बायको जवळच्याच दांडी या कोळीवाड्याच्या गावची. तिच्या धाकट्या बहिणीला, जागृतीला, बघायला माहीमची मंडळी यायची होती. मुलगा तिला आवडला होता. बोलणी मोठ्या जावयानं, म्हणजे मी करायची (सासरे समुद्रावर दिवसभर बोलतात, पाहुण्यांसमोर मुके होतात).

पाहुणे दोनला येणार. सासूबाईंनी मला साडेबारालाच पानावर बसवलं. पापलेटचं कालवण, तळलेले बोंबील, तांदळाच्या भाकऱ्या, वर भाताचा डोंगर.

"पुरे, आई."

"पुरे काय? तुमी कायच नाय जेवलात. उपाशी पोटी बोलणी व्हतात काय?"

डोंगर संपवला. सकाळी विसरलेली रक्तदाबाची गोळीही त्यावरच घेतली.

पाहुणे आले. मी झटकन उठून नमस्काराला हात जोडले, आणि खिडकीतला समुद्र हळूच घरात आला. माडाच्या झावळ्या सावकाश, फारच सावकाश हलत होत्या. मुलाच्या वडिलांचा चेहरा होडीसारखा तरंगत लांब लांब गेला. मला जगात कसलीच काळजी उरली नव्हती. त्या सुखातच मी त्यांच्या पायांवर पडलो.

जाग आली तेव्हा मी चटईवर होतो आणि माझे पाय उशीवर. सासूबाई शिऱ्याची वाटी घेऊन उभ्या. "भुकेनं झालं. मी सांगतच व्हते."

मुलाची आई कुजबुजली, "यांच्यात फिट येते काय कोणाला?"

दारात आलेली जागृती ट्रे घेऊन तशीच आत वळली.

शेजारच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी दाब मोजला आणि शिरा परत पाठवला. "काय जेवलात?"

मी यादी सांगितली, गोळीसकट. ती सांगतानाच धाप लागली.

"फिट नाही ही," त्या म्हणाल्या. "भूक लागली, पोट भरलं, हे कळवणारे हार्मोन्स पोट आणि आतडी सोडतात. त्यातले काही रक्तवाहिन्याही सैल करतात. एवढं जेवल्यावर रक्त पोटाकडं धावतं. वर ती गोळी, वर झटकन उठणं. डोक्याला उरलं काय? थोडं थोडं जेवा, सावकाश उठा, आणि गोळीचं तुमच्या डॉक्टरांना विचारा."

मुलाचे वडील पुढं सरकले. "बाई, जेवल्यावर मलाबी गरगरतं. तेबी हेच असंल?"

त्यांची बायको वळली. "आन मी इतकी वर्सं समजते, भांडी विसळायला नको म्हनून सोंग करता."

त्यांचाही दाब मोजला. तो माझ्यापेक्षा खाली निघाला. त्यांना माझ्याशेजारी झोपवलं, त्यांच्याही पायांखाली उशी दिली. दुपारची ऊन हवा येत होती, दोघांचे डोळे मिटत होते, आणि त्याच तंद्रीत आम्ही लग्न ठरवलं. कुणी कशालाच नाही म्हणालं नाही. तेवढी ताकदच नव्हती. जागृती चहा घेऊन आली तेव्हा तिचे होणारे सासरे आणि मी दोघेही घोरत होतो, असं बायको सांगते.

लग्नपत्रिकेत 'स्वागतोत्सुक' म्हणून पहिलं नाव माझंच छापलं. मंडपाच्या दाराशी मात्र सासूबाईंनी माझ्यासाठी खुर्ची नाही, खाट टाकून ठेवली होती.